इतिहासाच्या तासाची पहिली पाच मिनिटं: नव्या शिक्षकांसाठी

"पुस्तकं काढा, आज आपण पहिलं महायुद्ध शिकणार आहोत." या वाक्याने सुरू झालेले कितीतरी तास मी घेतले आहेत. वाक्यात चूक काही नाही. पण ते बोलून झाल्यावर वर्गाकडे नीट बघा. मुलं पान उघडतात, शीर्षक वाचतात, चित्र बघतात, खालचा स्वाध्याय चाळतात. युद्ध कधी सुरू झालं, कधी संपलं, कोण जिंकलं हे अर्ध्या मिनिटात त्यांच्यासमोर असतं. निकाल हातात आल्यावर सामना कोण बघणार?

ज्यांचा इतिहास आपण शिकवतो त्या माणसांना पुढे काय होणार हे ठाऊक नव्हतं. १९१४ च्या जूनमध्ये कुणाला कल्पना नव्हती की काही महिन्यांत अर्धं युरोप खंदक खणत असेल. ते न ठाऊक असणं मुलांना थोडा वेळ परत द्यायचं, एवढंच तासाच्या सुरुवातीचं काम आहे असं मी मानते. मुलाने आधी अंदाज करायचा, तो स्वतःच्या हाताने वहीत लिहायचा, आणि मग पाठ ऐकायचा. अंदाज लिहिला की पाठ त्याचा होतो, कारण आता त्याला आपलं उत्तर बरोबर निघालं की नाही ते बघायचं असतं.

हे रोज कसं करायचं, ते पायरीपायरीने सांगते.

पहिली पायरी: पाठातली गाठ शोधा

आदल्या दिवशी पाठ दोनदा वाचा. पहिल्यांदा नेहमीसारखा. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, आणि जिथे तुमच्याच मनात "असं का बरं?" येईल तिथे खूण करा. ती खूण म्हणजे पाठाची गाठ.

दांडीयात्रेचा पाठ घ्या. १२ मार्च १९३० ला गांधीजी ७८ सत्याग्रहींसह साबरमती आश्रमातून निघाले, सुमारे ३८५ किलोमीटर चालले आणि ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मिठाचा कायदा मोडला. यातलं अंतर आणि तारखा ही माहिती झाली. गाठ कुठे आहे? स्वराज्याची मागणी, समोर जगातलं सगळ्यात मोठं साम्राज्य, आणि भांडण कशावरून, तर मिठावरून! जमीन महसूल होता, परदेशी कापड होतं, मग मीठच का?

फ्रेंच राज्यक्रांतीत मला दिसलेली गाठ अशी: १७८९ च्या मे महिन्यात राजा सोळाव्या लुईने स्वतःच समाजातल्या वर्गांच्या प्रतिनिधींची सभा (एस्टेट्स जनरल) बोलावली. त्याआधीची सभा १६१४ मध्ये भरली होती. १७५ वर्षं राजांना जिची गरज पडली नाही, ती सभा याला का बोलवावी लागली? मुलं हळूहळू रिकाम्या तिजोरीपर्यंत येतात, आणि तिथून कर कोण भरत होतं नि कोण भरत नव्हतं या प्रश्नापर्यंत त्यांना न्यावं लागत नाही, ती आपणच जातात.

सापडलेली गाठ एका ओळीत, घरी बोलतो तशा मराठीत लिहून ठेवा. "मिठाचा सत्याग्रह: कारणे व परिणाम" हे शीर्षक झालं. "एवढ्या मोठ्या सरकारला मूठभर मिठाची भीती का वाटावी?" ही गाठ. सहावीतल्या मुलाने संध्याकाळी घरी जाऊन हाच प्रश्न कुणाला तरी विचारावा, इतका तो सोपा हवा. तसा होत नसेल तर पाठ तिसऱ्यांदा वाचा. सुरुवात सुचत नाही असं जेव्हा आपल्याला वाटतं, तेव्हा बहुधा गाठच सापडलेली नसते.

दुसरी पायरी: गाठीला शोभेल अशी सुरुवात निवडा

इथे घाई करू नका. सुरुवातीचे प्रकार अनेक आहेत, पण प्रत्येक पाठाला प्रत्येक प्रकार चालत नाही. मी वारंवार वापरलेले आणि अजूनही वापरत असलेले काही सांगते.

वस्तू ठेवून. नव्या शिक्षकाला सगळ्यात हुकमी हाच. मिठाच्या पाठाला मी टेबलावर कागदावर मूठभर मीठ ओतते आणि काही बोलत नाही. वर्ग आपोआप गप्प होतो. मग एकच विचारते: "हे कुणाच्या घरात लागत नाही?" हात वर येत नाहीत. "श्रीमंताला गरिबापेक्षा किती जास्त लागतं?" इथे मुलं थबकतात, कारण जवळपास सारखंच लागतं हे त्यांच्या पहिल्यांदाच ध्यानात येतं. "मग यावर कर बसला तर तो कुणाला जास्त जाचेल?" १८८२ च्या कायद्याने मीठ तयार करण्याचा मक्ता सरकारकडे होता, हे वाक्य आता सांगायचं. तीन प्रश्न आणि एक वाक्य, जेमतेम चार मिनिटं.

वस्तू हातात नसली तर तिचं माप आणा. मोहेंजोदारोच्या ब्राँझच्या नर्तकीचं चित्र पुस्तकात चांगलं मोठं असतं. पुस्तक बंद करायला सांगा आणि विचारा, "ही मूर्ती किती उंच असेल? हाताने दाखवा." कुणी कमरेपर्यंत दाखवतं, कुणी बाकावर उभं राहतं. सगळे हात हवेत असतानाच खिशातून कागदाची पट्टी काढा. लांबी १०.५ सेंटिमीटर. पट्टी बाकाबाकावरून फिरू द्या. मुलं ती आपल्या तळहातावर ठेवून बघतात आणि पुन्हा पुस्तकातलं चित्र उघडतात, आणि आता त्यांना त्या चित्रात डाव्या हातातल्या खांद्यापर्यंतच्या बांगड्या दिसायला लागतात. बोटभर हातावर इतक्या बांगड्या कोरणारा कारागीर कोण असेल? ब्राँझला तांबं लागतं, कथील लागतं, ते कुठून येत असेल? व्यापार, कारागिरी, नगर, सगळं त्या पट्टीतून निघतं. मी ती पट्टी जपून ठेवली आहे, कडा मऊ झाल्या आहेत.

आकडा लिहून. फळ्यावर फक्त दोन आकडे लिहा: २७० आणि १८. मधे एक बाण. मुलांनी प्रश्न विचारायचे, तुम्ही "हो" किंवा "नाही" एवढंच म्हणायचं, प्रश्न दहाच. माणसं आहेत का? हो. युद्ध होतं का? नाही. मेली का? बरीचशी, पण सगळी नाहीत, म्हणून इथे "हो-नाही सांगता येत नाही" म्हणायची मुभा ठेवा. दहा प्रश्नांत उत्तर आलं नाही तरी बिघडत नाही. १५१९ मध्ये मॅगेलन स्पेनहून पाच जहाजं आणि सुमारे २७० माणसं घेऊन निघाला. १५२२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून एकच जहाज परतलं आणि त्यातून १८ जण उतरले. मॅगेलन त्यांत नव्हता, तो १५२१ मध्येच फिलिपिन्स बेटांवरच्या लढाईत मारला गेला होता. आता गाठीचा प्रश्न: इतका धोका असूनही माणसं जहाजावर का चढत होती? मसाल्याचा व्यापार इथून सुरू करा. वर्ग हुशार असेल तर एक गंमत राखून ठेवा: त्या १८ जणांतल्या पिगाफेट्टाने रोजनिशी एकही दिवस न चुकवता लिहिली होती, तरी परतीच्या वाटेवर किनाऱ्यावरच्या लोकांच्या हिशेबाने तो एक दिवस मागे निघाला. भूगोलाच्या शिक्षकांना हा प्रश्न मी नेहमी भेट म्हणून देते.

आकड्यांची दुसरी सुरुवात मला याहून मोलाची वाटते. फळ्यावर लिहा: "एक लाख मारले गेले. दीड लाखांना पकडून नेलं. त्याहून कितीतरी पटीने माणसं मेली." आणि विचारा: हे कुणी लिहून ठेवलं असेल, जिंकणाऱ्याने की हरणाऱ्याने? जवळजवळ सगळा वर्ग "हरणाऱ्याने" म्हणतो. कारणही पटण्यासारखं देतात, जिंकणारा आपली बदनामी दगडावर कशाला कोरेल? अंदाज लिहून झाले की सांगा: हे जिंकणाऱ्या राजाने लिहवलं, कलिंगच्या लढाईनंतर, आपल्या तेराव्या शिलालेखात. राजा अशोक. वर्गात क्षणभर जी शांतता पसरते ती मोडू नका.

वरच्या वर्गांना पुढचा धक्का देता येतो. हा तेरावा लेख अशोकाने दूरदूरच्या प्रदेशांत कोरवला, पण खुद्द कलिंगमध्ये, धौली आणि जौगड इथे, तो नाही. त्याच्या जागी वेगळे लेख आहेत, अधिकाऱ्यांना उद्देशून लिहिलेले, आणि त्यांत "सवे मुनिसे पजा ममा", म्हणजे सगळी माणसं माझी लेकरं आहेत, असं तो म्हणतो. ज्यांची माणसं मारली त्यांच्याच देशात पश्चात्ताप का नाही कोरला? जखमेवर मीठ नको म्हणून? की नव्या प्रजेपुढे आपला दोष नको म्हणून? याचं एकच बरोबर उत्तर मी देत नाही. इतिहासात पुराव्यावरून किती म्हणता येतं आणि कुठे थांबावं लागतं, हे मुलांना इतक्या लख्ख रीतीने दाखवणारा दुसरा प्रश्न मला अजून मिळालेला नाही.

रेघ ओढून. बर्लिनच्या भिंतीच्या पाठाआधी, मुलं मैदानावर असताना, वर्गाच्या मधोमध जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावते. मुलं आत येतात. "रेघ ओलांडायची नाही," एवढंच सांगायचं. कुणाची मैत्रीण पलीकडे, कुणाचं दप्तर पलीकडे, पाण्याची बाटली पलीकडे. दोन मिनिटं पुरे. मग: १३ ऑगस्ट १९६१, रविवार. बर्लिनची माणसं सकाळी उठली तेव्हा रात्रीतून शहरात काटेरी तारा लागल्या होत्या. तुमची रेघ दोन मिनिटं होती, त्यांची ९ नोव्हेंबर १९८९ पर्यंत, २८ वर्षं.

हीच युक्ती फाळणीच्या पाठाला मी वापरत नाही. वर्गातल्या मुलांना दोन गटांत वाटून तो विषय सुरू करणं मला धोक्याचं वाटतं, काही घरांत ती जखम अजून बोलते. तिथे कोरा नकाशा देते: नद्या, रेल्वे आणि मोठी शहरं दाखवलेली, सीमा नाही. "चार मिनिटांत एक रेघ ओढा. दोन्ही बाजूंना न्याय मिळाला पाहिजे." मुलं पेन्सिल उचलतात आणि अडतात. कुणी विचारतं, कुठे कोण राहतं ते कुठे लिहिलंय? कुणी म्हणतं, नदी मधून गेली तर शेताला पाणी कुणाचं? कुणी म्हणतं, वेळ वाढवून द्या. हे सगळे प्रश्न फळ्यावर घ्या. मग सांगा की ही सीमा आखण्याचं काम ज्यांना दिलं ते सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ ला भारतात आले, त्याआधी ते या देशात कधी आले नव्हते, त्यांना जेमतेम पाच आठवडे मिळाले, आणि त्यांची रेघ लोकांना कळली १७ ऑगस्टला, स्वातंत्र्य मिळून दोन दिवस उलटल्यावर. मुलांनी नुकताच जो वेळ वाढवून मागितला, तो इथे त्यांना आठवतोच.

चूक शोधायला लावून. नदीतल्या बर्फातून नावेत उभा राहून चाललेला जॉर्ज वॉशिंग्टन, मागे फडकणारा झेंडा, हे चित्र अनेक पुस्तकांत असतं. प्रसंग डिसेंबर १७७६ चा. "चित्रात एक गोष्ट त्या दिवशी असणं शक्य नव्हतं, शोधा." मुलं टोपी बघतात, बर्फ बघतात, नाव बघतात. चित्रातला तारे-पट्ट्यांचा झेंडा स्वीकारला गेला जून १७७७ मध्ये, आणि चित्र रंगवलं गेलं १८५१ मध्ये, प्रसंगानंतर ७५ वर्षांनी. यानंतर पुस्तकातलं कुठलंही चित्र दिसलं की मुलं विचारू लागतात, "हे कधी काढलंय?" एवढी एक सवय लागली तरी माझं वर्षाचं काम झालं असं मला वाटतं.

तारखांचं कोडंही याच जातीचं. फळ्यावर लिहा: "४ ऑक्टोबर १५८२, गुरुवार. दुसऱ्या दिवशी: १५ ऑक्टोबर, शुक्रवार." इटली, स्पेन, पोर्तुगालमध्ये हे खरंच घडलं, जुनी दिनदर्शिका सोडून ग्रेगोरियन दिनदर्शिका घेताना. रशियाने ती तेव्हा घेतली नाही, म्हणून १९१७ ची "ऑक्टोबर क्रांती" आपल्या दिनदर्शिकेत ७ नोव्हेंबरला येते. रशियन क्रांतीचा पाठ यावरून छान उघडतो.

दोरी ताणून. काळाची लांबी मुलांना आकड्यांत कळत नाही, हातात कळते. पाच मीटर दोरी घ्या, १ सेंटिमीटर म्हणजे १० वर्षं धरा. एका टोकाला गिझाचा मोठा पिरॅमिड, इसवी सनपूर्व २५६० च्या सुमारास. साधारण साडेचार मीटरवर आपण. क्लिओपात्रा कुठे? सगळे चिमटा पिरॅमिडजवळ लावतात, दोन्ही इजिप्तमधलेच म्हणून. ती वारली इसवी सनपूर्व ३० मध्ये, म्हणजे पिरॅमिडपासून अडीच मीटर दूर. आणि माणूस चंद्रावर उतरला १९६९ मध्ये, तिच्यापासून दोन मीटरवर. ती पिरॅमिड बांधणाऱ्यांपेक्षा चांद्रवीरांना जवळची. याच दोरीवर प्लासीची लढाई ते भारताचं स्वातंत्र्य, १७५७ ते १९४७, केवळ १९ सेंटिमीटर भरतं, वीतभरही नाही. दोरी वर्षभर भिंतीला राहू द्या, प्रत्येक पाठाचा चिमटा तिच्यावर लागत जातो.

कचऱ्याची टोपली उलटी करून. "इतिहासाची साधने" हा पाठ बहुतेक वर्गांत रडतखडत होतो. वर्गातली टोपली वर्तमानपत्रावर अलगद उलटी करा (काच, ब्लेड नाही ना, हे आधी स्वतः बघून ठेवा). म्हणा, "हा वर्ग हजार वर्षांपूर्वी ओस पडला. एवढंच उरलं आहे. इथे कोण राहत होतं?" पेन्सिलीचं साल, फाडलेलं गणिताचं पान, वेष्टन, तुटलेली पट्टी. उलटी केल्यामुळे सकाळचा कचरा आता वर आहे, दुपारचा खाली. टोपलीत असताना तो कसा होता? तळाशी जुना, वर नवा. उत्खननातले थर मुलांनी शोधून काढले. शेवटी विचारा, "टोपलीत काय नाही?" बोलणं नाही. गाणी नाहीत. भांडणं नाहीत. एकदा एका मुलाने सांगितलं, "बाई, आमचे डबे नाहीत, कारण आम्ही ते घरी नेतो." मौल्यवान वस्तू माणसं बरोबर नेतात आणि टाकाऊ मागे सोडतात, हे पुरातत्त्वातलं मोठं सूत्र त्याने डब्यावरून मांडलं होतं.

अर्धी गोष्ट सांगून. ही सगळ्यांना आवडते आणि म्हणूनच हिच्याशी जपून वागावं लागतं. २८ जून १९१४, साराजेव्हो. सकाळी ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याच्या गाडीवर बॉम्ब फेकला जातो, नेम चुकतो. काही वेळाने जखमींना भेटायला निघालेली गाडी चुकीच्या रस्त्याला वळते, चालकाला थांबायला सांगतात, गाडी थांबते, आणि तिथेच हल्लेखोरांपैकी एक, गाव्रिलो प्रिन्सिप, पिस्तूल घेऊन उभा असतो. इथे थांबा. वर्ग श्वास रोखून असतो. पण तास संपताना मुलं म्हणतात, "चालक चुकला म्हणून महायुद्ध झालं." सुरुवात इतकी रंगली की तिनेच पाठ गिळला. म्हणून गोष्ट थांबवल्यावर लगेच विचारायचं: "दोन माणसं मारली गेली. मग रशिया, जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन यांचं यात काय काम?" आता प्रश्न करारांवर आला, जिथे पाठ आहे.

तिसरी पायरी: सुरुवात लिहून काढा, सगळी नाही

सुरुवातीचं पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य शब्द न् शब्द लिहा. मधलं सुटं राहू द्या. पाठ टाचणात "प्रस्तावना" या रकान्यात आपण चार प्रश्न आणि त्यांची अपेक्षित उत्तरं लिहितो, ते ठीक आहे, पण अपेक्षित उत्तराशेजारी एक अनपेक्षित उत्तरही लिहून बघा. मुलं तेच देतात. मग घड्याळ लावून एकदा मोठ्याने म्हणून बघा. ३५ मिनिटांच्या तासिकेत सुरुवातीला पाच, फार तर सात मिनिटं. नकाशा-पेन्सिलीसारखी कृती असेल तर आठ. दहा झाली की पाठ उरकावा लागतो, आणि उरकलेल्या पाठात त्या प्रश्नाचं उत्तर नीट येत नाही. मुलांना ते फसवल्यासारखं वाटतं.

माहितीची खातरजमा आदल्या रात्री करा. कल्पनेने लिहिलेलं पत्र किंवा रोजनिशी वाचणार असाल तर "हे मी लिहिलं आहे" असं वाचण्याआधी सांगा. इतिहासाच्या शिक्षकाने बनावट पुरावा खरा म्हणून वाचायचा नाही, कितीही परिणाम साधत असला तरी.

चौथी पायरी: वर्गात गेल्यावर

हजेरी आणि सूचना आधी संपवा. पुस्तकं बंद. फळ्यावर पाठाचं नाव लिहू नका, तोंडानेही सांगू नका. वस्तू पिशवीत असू द्या.

प्रश्न विचारलात की गप्प राहा. मनात सात-आठ अंक मोजा. नव्या शिक्षकाला ही शांतता फार खुपते आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. देऊ नका. तरीही कुणी बोलत नसेल तर "शेजारच्याला सांगा, अर्धा मिनिट" म्हणा, वर्ग लगेच बोलका होतो. मग प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा, एकच ओळ. लिहून घेण्याचा कंटाळा करू नका, बोलका अंदाज चार जणांचा असतो, लिहिलेला सगळ्यांचा.

अंदाज ऐकताना "बरोबर", "चूक", "छान" यातलं काहीच म्हणू नका. "असं का वाटलं?" एवढंच. तीन-चार अंदाज फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात मुलांच्याच शब्दांत लिहा. मुलगी "राजा घाबरला असणार" म्हणाली तर "राजाच्या मनातील असुरक्षितता" असं लिहू नका. तिने म्हटलं तसंच लिहा.

पाचवी पायरी: सुरुवातीवरून पाठावर या

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एकदा राणीचा पोशाख करून, हातात लाकडी तलवार घेऊन वर्गात गेले होते. वर्ग उसळला. मग मी तलवार कोपऱ्यात ठेवली आणि तहाची कलमं शिकवली. आठवड्याने विचारलं तर तलवारीची मूठ कोणत्या रंगाची होती ते सगळ्यांना आठवत होतं, कलम एकालाही नाही. पोशाखाचा आणि तहाचा संबंध मीच जोडला नव्हता.

म्हणून सुरुवातीचं शेवटचं वाक्य आधी लिहून ठेवायला सांगितलं. त्यात गाठ पुन्हा यायला हवी आणि पुढे काय शोधायचं तेही. उदाहरणार्थ: "दीड लाख माणसं पकडून नेणारा राजा पुढच्याच ओळीत दुःख झालं म्हणतो. त्याचं ऐकायचं की नाही हे ठरवायला त्याने पुढे काय केलं ते बघू." पाठ टाचणातलं हेतुकथन, म्हणजे आज काय शिकायचं ते सांगणं, ते हेच. पाठाचं नाव आता फळ्यावर लिहा, आता पुस्तक उघडा.

सहावी पायरी: तास संपताना त्याच कोपऱ्यात परत या

शेवटची तीन मिनिटं राखून ठेवा. फळ्याचा उजवा कोपरा तासभर पुसायचा नाही. वहीतल्या अंदाजाखाली मुलांनी आणखी एक ओळ लिहायची: "आता मला असं वाटतं, कारण..." ज्याचा अंदाज चुकला त्याची ही ओळ बहुतेकदा जास्त लांब असते. कोपऱ्यातला एखादा अंदाज पाठानेही सुटला नसेल तर तो तसाच ठेवा.

कुठे हात आखडता घ्यायचा

गुलामगिरी, वंशसंहार, दंगली, जातीवरून झालेला छळ, या विषयांची सुरुवात नाटकाने करू नका. कुणालाही गुलाम, कैदी किंवा अस्पृश्य "बनवू" नका, दोन मिनिटांसाठीही नाही. ते मूल घरी जाताना पाठ नेत नाही, अपमान नेतं. अशा वेळी एका खऱ्या माणसाचे खरे शब्द, शांतपणे, एकदाच वाचा आणि थांबा.

रोज नवी युक्ती हवी असंही नाही. सुरुवातीला आठवड्यात दोन तास असे घ्या, बाकी दिवशी गाठीचा प्रश्न फळ्यावर लिहून सुरू करा, तोही पुरतो. पहिल्या महिन्यात वस्तू आणि आकडा एवढेच प्रकार हाताळा. टोपली आणि चिकटपट्टीला वर्ग हाताखालचा असावा लागतो.

एक वही ठेवा. तारीख, इयत्ता, सुरुवात, किती मिनिटं लागली, आणि मुलांनी विचारलेला असा एक तरी प्रश्न जो तुम्हाला सुचला नव्हता. माझ्या वहीत धौलीच्या पानावर आठवीतल्या एका मुलीचा प्रश्न आहे. सगळा वर्ग अशोकाने तिथे पश्चात्ताप का नाही कोरला यावर वाद घालत होता, आणि ती म्हणाली, "पण बाई, तिथल्या लोकांना वाचता येत होतं का?" तो प्रश्न मी फळ्याच्या कोपऱ्यात तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी धौलीच्या लेखातलीच एक आज्ञा वाचून मी तास सुरू केला: हा लेख तिष्य (म्हणजे पुष्य) नक्षत्राच्या दिवशी लोकांना वाचून ऐकवावा, आणि ऐकणारा एकच असला तरी ऐकवावा.